पांढरं कार्ड, केशरी कार्ड, कार्डच नाही : फुले योजनेत कोण बसतं?

वाचकांचे प्रश्न

हॉस्पिटलच्या खर्चाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच गोष्टीवर आहेत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, म्हणजे हॉस्पिटलात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचा खर्च वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उचलणारी राज्याची योजना. कुणी तिला जीवनदायी म्हणतंय, कुणी आयुष्मान, कुणी नुसतं "ती पाच लाखवाली". सगळ्यांना धास्ती एकच की आपलं उत्पन्न जास्त धरतील, किंवा कमी आहे हे सिद्ध कसं करायचं. माझं म्हणणं असं की उत्पन्नाची काळजी आता जवळजवळ सोडून द्या, गाडी अडते ती नावात, कागदात आणि कोणत्या दिवशी कुणाला विचारलं त्यात. खाली त्यावरच जास्त लिहिलंय.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा आहे, पुण्यात फूड डिलिव्हरी करतो, बाइकचा हप्ता चालू आहे. महिन्याला कधी अठरा हजार सुटतात कधी बाराच, सॅलरी स्लिप वगैरे काही नाही. मुतखडा झालाय, दुर्बिणीने काढावा लागेल म्हणतात आणि खासगीत सांगितलेला आकडा मला झेपणारा नाही. नाव गावाकडे उदगीरला वडलांच्या केशरी कार्डावर आहे. उत्पन्नाचा दाखला कुठून काढू? आणि लातूरचं कार्ड पुण्यात चालतं का?
(एक वाचक, हडपसर)

उत्तर : दाखल्याच्या मागे लागूच नका दादा, या योजनेला तो लागत नाही, केशरी कार्ड हाच तुमचा पुरावा. आणि कार्ड लातूरचं असो की गडचिरोलीचं, महाराष्ट्राचं आहे ना, मग राज्यातल्या कुठल्याही अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, हॉस्पिटलात चालतं, "तुमच्या जिल्ह्यात जा" असं कुणी म्हणत असेल तर त्याला योजना माहीत नाही किंवा त्याला तुम्हाला घ्यायचं नाही.

आता खरं काम. वडलांना फोन करून कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो मागवा आणि तुमचं नाव त्यावर नेमकं कसं लिहिलंय ते बघा. इथेच निम्मे लोक अडकतात. कार्डावर घरातलं नाव असतं "बाळू", आधारवर शाळेतलं "बालाजी", किंवा वडलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, आणि हॉस्पिटलातल्या टेबलावर बसलेला माणूस हा बाळू म्हणजेच बालाजी हे स्वतःच्या जबाबदारीवर ठरवू शकत नाही. दुसरं म्हणजे तुमचं नाव कार्डाच्या कागदावर आहे पण ऑनलाइन रेकॉर्डमधून उडालंय असंही होतं, शहरात गेलेल्या पोरांची नावं बऱ्याचदा आधार जोडलं नाही, ई-केवायसी म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी केली नाही म्हणून गळतात. गावच्या रेशन दुकानदाराला विचारलं तर तो मशीनवर बघून लगेच सांगतो. नाव नसेल तर आधी तहसीलच्या पुरवठा शाखेत ते चढवून घ्या, मुतखडा कळा मारतोय पण अजून दाखल झाला नाहीत तोवर हे करायला सवड आहे, दाखल झाल्यावर हेच काम चारपट जड जातं.

मग हॉस्पिटल. "हे हॉस्पिटल योजनेत आहे का" एवढंच विचारू नका, "मूत्ररोगाच्या ऑपरेशनसाठी योजनेत आहे का" असं विचारा, कारण हॉस्पिटलं ठराविक विभागांसाठी जोडलेली असतात, एखादं हॉस्पिटल हार्टसाठी योजनेत असतं आणि किडनीसाठी नसतं, आणि बाहेर बोर्ड मात्र एकच मोठा. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन केला तर माहिती मिळते, दोन्ही टोल फ्री.

तिथे गेलात की बिलिंग काउंटरला जाऊ नका, आरोग्यमित्र, म्हणजे हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस, कुठे बसतो ते विचारा. तो तुमच्या रेशन कार्डाचा बारा आकडी नंबर टाकतो, कुटुंबाची यादी उघडते, आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र ताडून बघतो आणि नोंदणी करतो. त्यानंतर हॉस्पिटल तुमचे रिपोर्ट जोडून ऑपरेशनची मंजुरी ऑनलाइन मागतं, ती साधारण २४ तासांत येणं अपेक्षित असतं, येईपर्यंत मेसेज बघत बसायचं. मंजुरी आली की ऑपरेशन, औषधं, बेड, जेवण, तपासण्या हे सगळं पॅकेजमध्ये, घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतचं फॉलोअपही त्यात येतं आणि परत जायचं भाडंसुद्धा. आधी बाहेरच्या लॅबमध्ये स्वतःहून केलेल्या सोनोग्राफीचे पैसे मात्र गेले ते गेले.

तुमच्या केसमध्ये एक गोष्ट आधीच विचारून ठेवा. मुतखडा काढल्यावर बऱ्याचदा आत एक बारीक नळी ठेवतात, स्टेंट म्हणतात तिला, ती काही आठवड्यांनी परत येऊन काढावी लागते. ती काढायचा खर्च याच पॅकेजमध्ये आहे की वेगळी मंजुरी लागणार, हे ऑपरेशनच्या आधी आरोग्यमित्र आणि डॉक्टर दोघांसमोर विचारा. नंतर विचारलं की उत्तरं बदलतात.

पाच लाखांची मर्यादा माणशी नसते, एका कार्डावरच्या अख्ख्या कुटुंबाला मिळून वर्षाला असते. म्हणजे वडलांच्या हार्टचं काही याच वर्षी निघालं तर ते याच रकमेतून जाणार, घरात आधी बोलून ठेवा.

आणि हो, १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये तुमच्यासारख्या डिलिव्हरीवाल्यांना ई-श्रम या कामगार नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवून केंद्राच्या आयुष्मान योजनेत घ्यायची घोषणा झाली होती. ई-श्रमवर नाव घालून ठेवा, तोटा काहीच नाही, पण त्याची वाट बघत खडा सांभाळत बसू नका, तुमचं काम केशरी कार्डावरच होतंय.

प्रश्न : आमचं पांढरं कार्ड आहे. मी कपड्याच्या दुकानात कामाला आहे, पगार चौदा हजार. मिसेस म्हणते पांढरं म्हणजे श्रीमंतांचं, आपल्याला काही मिळत नाही. खरं काय?
(एक वाचक, जालना)

उत्तर : वहिनी म्हणतात ते १ जुलै २०२४ च्या आधी बऱ्याच अंशी खरं होतं. ही योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा फुलेंचं नाव आलं, २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून चालते. इतकी वर्षं तिच्यात पिवळं, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि एक लाखापर्यंत उत्पन्नाचं केशरी एवढीच कार्डं मुख्यतः चालायची, पांढऱ्यापैकी फक्त मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून घेत. रक्कमही दीड लाखच. मग २८ जुलै २०२३ चा जीआर निघाला आणि पुढच्या वर्षीच्या १ जुलैपासून सगळीच रेशन कार्डं आत आली, रक्कम पाच लाख झाली.

म्हणजे तुमचं पांढरं कार्ड चालतं. ते पिवळं किंवा केशरी करून घ्यायला एजंटला पैसे देत असाल तर निदान या योजनेसाठी तरी देऊ नका, धान्याचं गणित वेगळं.

प्रश्न : ताई, मी धुणीभांडी करते, भाचीकडून लिहून घेतेय. नवऱ्याने सोडून नऊ वर्षं झाली, कोर्टकचेरी काही केली नाही. माहेरच्या कार्डातून लग्नात नाव कमी केलं, सासरच्या कार्डावर आहे की नाही माहीत नाही, तिथे विचारायला जायची सोय नाही. गर्भाशयात गाठी आहेत, ऑपरेशन सांगितलंय. योजनेवाले म्हणतात कार्ड आणा. माझं नाव कुठेच नाही, मी काय करू?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, अशा बायका ढिगाने आहेत आणि नियमात तुम्ही बसता, हे आधी मनात पक्कं करा, कुणी "तुमचं होत नाही" म्हटलं तर उठून येऊ नका.

दोन रस्ते आहेत, दोन्ही एकदम धरायचे. पहिला कायमचा, स्वतःच्या नावाचं वेगळं रेशन कार्ड. शहरात राहता तर धान्य वितरण अधिकाऱ्याच्या ऑफिसात जायचं, नवीन कार्डाचा फॉर्म नमुना १ असतो. तिथे पहिला अडथळा येणार तो "जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा". सासरचे देणार नाहीत हे उघड आहे. तर आधी आधार नंबरवरून तुमचं नाव सध्या कुठल्या कार्डात दिसतंय का ते त्यांच्याच कॉम्प्युटरवर बघायला सांगा, ते त्यांना दिसतं. कुठेच दिसत नसेल तर नाव कमी करायचा प्रश्नच येत नाही, तसं अर्जात लिहा. सासरच्या कार्डात दिसत असेल तर नऊ वर्षं वेगळी राहते, नवऱ्याशी संबंध नाही, असं स्वयंघोषणापत्र लिहून नाव कमी करायचा अर्ज तुम्हीच द्या, नाव कमी करायचा फॉर्म नमुना ९. काउंटरवरचा माणूस नाही म्हणाला तर तोंडी नाही घेऊ नका, अर्ज आत द्या आणि दुसऱ्या कॉपीवर पोचेचा शिक्का घ्या, शिक्का पडला की नाही म्हणणं अवघड होतं. राहत्या जागेचा पुरावा म्हणून घरमालक भाडेकरार करून देत नसेल तर लाइट बिल आणि त्याचं संमतीपत्र यावर प्रयत्न करा, जिथे कामाला जाता त्या बाईंपैकी कुणी शब्द टाकणारं असेल तर लाजू नका.

कार्ड कुठल्या रंगाचं मिळतंय यावर आत्ता भांडत बसू नका. धान्यासाठी नंतर भांडू, ऑपरेशनसाठी कुठलंही चालतं.

दुसरा रस्ता, कार्ड नाही त्यांच्यासाठी त्याच जीआरमध्ये अधिवास प्रमाणपत्र धरलंय, आपण डोमिसाइल म्हणतो ते. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात निघतं, महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा मागतात, शाळेचा दाखला असेल तर काम सोपं, दुसरी तिसरीत शाळा सोडली असेल तरी त्या शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव असतं, भाचीला शाळेत पाठवा. त्याच केंद्रात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही काढायला टाका. या योजनेला नको पण पुढे लागेल, सांगते.

ऑपरेशनचं असं, योजनेतले काही उपचार फक्त सरकारी हॉस्पिटलांसाठी राखून ठेवलेत, खासगीत ते योजनेतून होत नाहीत. म्हणून आधी सिव्हिलला जाऊन स्त्रीरोग विभागात दाखवा, तिथेही आरोग्यमित्र असतो. आणि खरं सांगायचं तर सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफत आहे, तिथे ऑपरेशन झालं तर कार्डाचा घोळ मिटेपर्यंत थांबायलाही लागणार नाही. तारीख लांबची देतात हे खरं. अंगावरून जास्त जात असेल, चक्कर येत असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, हिमोग्लोबिन तपासून घ्या, तारीख त्यावरून अलीकडे येऊ शकते.

तिथे नाहीच जमलं तर धर्मादाय हॉस्पिटल, उत्पन्नाचा दाखला यासाठी. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना दहा टक्के बेड निर्धन लोकांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात, मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेली स्कीम आहे. निर्धनसाठी वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजारांपर्यंत. तुम्ही पहिल्यात बसाल. तिथे रिसेप्शनला विचारलं तर बेड नाही म्हणतील, वैद्यकीय समाजसेवकाची खोली विचारायची, एमएसडब्ल्यू म्हणतात त्यांना, आणि दाखला त्यांच्याच हातात द्यायचा.

प्रश्न : वडलांची अँजिओप्लास्टी योजनेतून मंजूर झाली असा मेसेज मोबाइलवर आला, तरी हॉस्पिटलने तीस हजार डिपॉझिट घेतलं, म्हणाले स्टेंट चांगला टाकतोय, योजनेतला साधा असतो, उरले तर परत देऊ. पावती मागितली तर पांढऱ्या कागदावर लिहून दिलं. आता काय?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : हे तीस हजार घ्यायलाच नको होते. योजना कॅशलेस आहे, मंजूर पॅकेजमध्ये स्टेंट धरलेला असतो, त्याच उपचारासाठी पेशंटकडून वर पैसे घ्यायची मुभा हॉस्पिटलला नाही. "चांगला स्टेंट" हा जुना डाव आहे. माणूस आत टेबलावर असतो, बाहेर मुलगा घाबरलेला असतो आणि त्या वेळी कोण म्हणणार की साधाच टाका.

पांढरा कागद फाडू नका, तोच पुरावा. मंजुरीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, पैसे ऑनलाइन दिले असतील तर ती एंट्री, डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचा स्टिकर असतो त्याचा फोटो, कंपनी आणि नंबर त्यावर असतो. मग आधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला लेखी द्या. आरोग्यमित्र हॉस्पिटलचा नोकर नसतो, योजनेचा माणूस असतो, पण रोज तिथेच बसून चहा तिथलाच पिऊन काही जण विसरतात, तसं वाटलं तर त्याच्यात अडकू नका, १५५३८८ वर तक्रार नोंदवून तक्रार नंबर लिहून घ्या आणि जिल्हा समन्वयकाला अर्ज द्या. योजना चालवते ती राज्य आरोग्य हमी सोसायटी, तिचं मुख्य ऑफिस वरळीला जीवनदायी भवनात, तिकडेही अर्जाची कॉपी पाठवता येते. वडील अजून ॲडमिट असतील तर हे सगळं डिस्चार्जच्या आधी करा. घरी गेलेल्या पेशंटचे पैसे परत यायला फार चिकाटी लागते, आणि डिस्चार्जच्या वेळी "एक रुपयाही घेतला नाही" असं छापलेल्या फॉर्मवर सही मागितली तर वाचून करा, पैसे घेतले असतील तर तसं त्याच्यावरच लिहा.

प्रश्न : मला शुगर आणि बीपी आहे, महिन्याला गोळ्यांचे बाराशे जातात. आयुष्मान कार्ड मेडिकलवाल्याला दाखवलं तर हसला.
(एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : हसायला नको होतं, पण कार्ड मेडिकलमध्ये चालत नाही हे खरं. योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे, शिवाय डायलिसिस, केमोसारखे काही उपचार जे दिवसभरात होऊन घरी जाता येतं. ओपीडी, रोजच्या गोळ्या, चष्मा यात नाही. शुगर-बीपीच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि "आपला दवाखाना" नावाच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, डॉक्टरांना सांगून तिथे मिळतात त्याच लिहून घ्या. नाहीतर जन औषधीच्या दुकानात स्वस्त पडतात.

प्रश्न : आमच्या वॉर्डात एक जण घरोघरी फिरून आयुष्मान कार्ड काढून देतो, माणशी तीनशे घेतो आणि अंगठा घेतो. काढू का?
(एक वाचक, भिवंडी)

उत्तर : अंगठा मुळीच देऊ नका. कार्ड फुकट निघतं, आयुष्मान ॲपवर स्वतः काढता येतं, नाहीतर सीएससी केंद्रात किंवा आशाताईंना विचारा. आधारला जोडलेल्या अंगठ्यावर बँकेतूनही पैसे निघतात, तीनशेवर भागेल याची खात्री नाही. कार्ड नसलं तरी रेशन कार्ड आणि ओळखपत्रावर हॉस्पिटलात नोंदणी होते, फक्त आधी काढलेलं बरं, रात्री दोन वाजता इमर्जन्सीत कागद शोधावे लागत नाहीत. इमर्जन्सी आलीच तर आधी दाखल करा, फोनवरून तातडीची मंजुरी घ्यायची सोय हॉस्पिटलकडे असते.

प्रश्न : आई ७३ वर्षांची, माझ्या भावाच्या कार्डावर आहे, भावाचं आणि आमचं जमत नाही, तो कार्ड देत नाही.
(एक वाचक, सांगली)

उत्तर : भावाच्या कार्डाची गरज नाही. ७० च्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. आधारवरचं वय धरतात, त्यामुळे आधारवर जन्मसाल चुकीचं असेल तर आधी ते नीट करा. वर्षाला पाच लाख, आणि घरातल्या आधीच्या पाच लाखांत वाटेकरी न होता वेगळे. म्हणजे भावाच्या कुटुंबाचंही काही कमी होत नाही, सांगून बघा, कदाचित चिडचिड कमी होईल.

प्रश्न : आम्ही दोडामार्गचे, आजारपणाला सगळे गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातच जातो. गोव्याचं दीनदयाळ कार्ड आम्हाला निघेल का? माझी बहीण म्हापशाला दिलीय.
(एक वाचक, दोडामार्ग)

उत्तर : तुम्हाला नाही, बहिणीला निघेल. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ ची, गोव्यात किमान पाच वर्षं राहत असलेल्यांसाठी, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख. तिथेही उत्पन्नाची अट नाही. बहिणीच्या पत्त्यावर नाव घालून कार्ड काढायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, ऐकू नका, पकडलं तर तिचंही कार्ड जाईल. बांबोळीला २०१८ पासून गोव्याबाहेरच्या पेशंटना फी लागते, त्यामुळे ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर निघायच्या आधी १५५३८८ ला फोन करून तुमच्या रेशन कार्डावर ते कुठे होईल ते विचारा, सिंधुदुर्ग किंवा कोल्हापुरात सोय असेल तर एसटीचा प्रवास लांब पडला तरी खिशातून जाणार नाही.